बाजारात गूळ घेताना काय बघायचं?

पुण्याहून कोल्हापुरात येऊन दोन महिने झाले. परवा बाजारातून पिवळाधमक गूळ आणला. चहात टाकला, तर चहा फाटला, वर सासूबाईंची बोलणी. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाणार आहे. कसा ओळखू?

— पिवळा बघूनच फसलासा ताई! आमचं गुऱ्हाळ होतं म्हणून सांगतो. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चीक घालून मळी काढली की गूळ तांबूस, काळपटच होतो. पिवळेपणा बहुतेकदा हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळायला घालतात त्या रसायनाची करामत. ढेपेचा कोपरा नखानं खरवडून जिभेवर ठेवा. खारट लागला तर पुढं चला. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण नुसत्या पाटीवर जाऊ नका. चहा मात्र तुमचाच चुकला. गॅस बंद करा, मग गूळ घाला.

— गुळाबरोबर आजरा घनसाळ तांदूळ दिसला तर मूठभर तळहातावर चोळून वास घ्या. वास नाही आला तर घनसाळ कसला?

— काळपट मिळाला! विकणाऱ्या आजींनी चाखायला खडा स्वतःच पुढे केला. चहा फाटला नाही. सासूबाईंनी दुसरा कप मागितला, बोलल्या काहीच नाहीत.

— मग जिंकलासा की!