मदत हवी आहे: युवा कार्य प्रशिक्षणाचं तीन महिन्यांचं विद्यावेतन अडकलंय

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहतो. घरचं वावर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. भाऊ बी.एस्सी. होऊन भरतीचे फॉर्म भरत होता, तेवढ्यात जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. विद्यावेतन बारावीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. त्याला जवळच्याच जिल्हा परिषद शाळेत जागा मिळाली. आधी सहा महिने होते, पुढे सरकारने पाच महिने वाढवून दिले.

काम त्याने जीव लावून केलं. शाळा दोन शिक्षकी. गुरुजी पहिली-दुसरी घेऊन बसले की तिसरी-चौथी याच्याकडे. वर पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद आणि केंद्रावरून मागवलेली माहिती भरणं हेही त्याच्याच गळ्यात. तिसरीतला एक पोरगा हातच्याची वजाबाकी आली की पाटी मांडीखाली लपवायचा. भावाने त्याला तुरीच्या दाण्यांचे दहा-दहाचे ढीग मांडून शिकवलं. ढीग मोडायचा, सुटे दाणे एककात टाकायचे. आता तोच पोरगा बाकीच्यांना दाखवतो. असं काम करणाऱ्या भावाचे पैसे अडकावेत याचं फार वाईट वाटतं.

अडचण अशी आहे. आधीचे पैसे उशिरा का होईना, खात्यात जमा व्हायचे. शेवटच्या तीन महिन्यांचे आलेच नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, हजेरी वेळेवर ऑनलाइन भरली. त्यांनी हजेरीपटाची प्रतही दिली. एका महिन्यात सहा दिवस रजा आहे, आई दवाखान्यात होती तेव्हाची. तालुक्याला विचारलं तर म्हणतात जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याला विचारलं तर म्हणतात बिल निघालं, बँकेत पाहा. बँकेत म्हणतात आमच्याकडे काही आलं नाही. तीस हजार रुपये आहेत हो. त्याच भरवशावर कृषी केंद्रातून बियाणं-खत उधार उचललंय.

रजेमुळे पैसे कापले असतील का? दाद कुठे मागायची? आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचा पुढे काही उपयोग होतो का? माहीतगारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद – पुसदवाला

ताई, सहा दिवसांच्या रजेची काळजी सोडा. नियमातली मर्यादा दहा दिवसांची आहे.

मला शंका वेगळीच येतेय. भावाने मधल्या काळात दुसरीकडे कुठे खातं उघडलं का? डीबीटीचा, म्हणजे थेट खात्यात येणारा सरकारी पैसा आधार क्रमांकावर सोडतात, आणि आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेला जोडला गेला त्या बँकेत तो पडतो. जुनं खातं चालू असलं तरी तिकडे येत नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं, आम्ही उगाच जुन्या बँकेशी भांडत बसलो होतो. माय आधारच्या साइटवर लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा, तिथे बँकेचं नाव दिसतं. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी येतो.

धागाकर्ती

भाऊ, लगेच पाहिलं. तिथे पोस्टाच्या बँकेचं नाव आहे! गावात शिबिर लागलं होतं, तेव्हा पोस्टमनकाकांनी अंगठा घेऊन खातं उघडून दिलं होतं. पासबुक नाही, नुसतं क्यूआरचं कार्ड, ते घरात कपाटावर पडलंय. काकांना उद्याच गाठते.

प्रतिसाद – वर्धेचा मास्तर

प्रमाणपत्राबद्दल स्पष्टच सांगतो, पोराच्या आशा उगाच वाढवू नका. योजनेत नोकरीची हमी नाही. आस्थापनेला, म्हणजे जिथे प्रशिक्षण घेतलं त्या संस्थेला, योग्य वाटलं आणि उमेदवाराची इच्छा असली तर ती ठेवून घेऊ शकते, एवढंच. शाळेत कायम व्हायचं तर डी.एल.एड. (शिक्षण पदविका) किंवा बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि भरती हाच रस्ता. खासगी ठिकाणी मात्र अनुभव म्हणून प्रमाणपत्र जरूर दाखवावं. तुम्ही लिहिलंय त्यावरून पोराला शिकवायची हातोटी आहे. घरची ओढाताण झेपत असेल तर त्याने बी.एड.च्या प्रवेश परीक्षेला बसावं, असं मला मनापासून वाटतं.

पोस्टाच्या खात्यातही पैसे नसतील तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्याची कुठेच नोंद राहत नाही. तरी हलले नाहीत तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. ‘अमुक महिन्यांचं विद्यावेतन कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत वर्ग केलं’ एवढंच विचारा.

धागाकर्ती

पोस्टमनकाकांनी अंगठा लावून पाहिलं. वीस हजार जमा आहेत! दोन महिन्यांचे मिळाले. पुसदवाले भाऊ, तुमचे उपकार विसरणार नाही. आधी कृषी केंद्राची उधारी देतोय.

तिसरा महिना तिथेही नाही, आणि तो रजेचाच महिना आहे. मास्तर म्हणतात तसा अर्ज लिहिलाय, सोबत हजेरीपटाची प्रत जोडतेय. अर्जावर शाळेचा शिक्का लागतो का, की मुख्याध्यापकांची सही पुरेल?