शाळेतलं स्वच्छतागृह: बांधलं म्हणजे झालं?

शाईचा डाग
माझी आठ वर्षांची मुलगी सकाळी नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते. चार दिवस रागावले, मग तिनेच सांगितलं, "पाणी प्यायलं की जावं लागतं." शाळेत स्वच्छतागृह आहे. फरशा आहेत, दार आहे. दाराला आतून कडी नाही, म्हणून एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. मैत्रीण गैरहजर असली की त्या दिवशी जायचंच नाही. साबण मी तिथे फक्त पालकसभेच्या दिवशी पाहिला आहे.

मुलांच्या मूत्राशयाचा डॉक्टरांचा ढोबळ हिशोब असा: वयात २ मिळवायचे आणि ३० ने गुणायचं. आठव्या वर्षी साधारण ३०० मिली. सहा-सात तास तुंबवून ठेवायला एवढी जागा पुरत नाही. रोज रोखून धरलं की लघवीच्या संसर्गाला वाव मिळतो. शौच रोखलं की बद्धकोष्ठता होते आणि भरलेलं आतडं पुन्हा मूत्राशयावरच दाबतं. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे त्यांना त्रास जास्त.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मोजणीप्रमाणे २०१९ मध्ये जगातल्या ४३ टक्के शाळांत पाणी आणि साबण, दोन्ही असलेली हात धुण्याची जागा नव्हती. म्हणजे ८१ कोटी ८० लाख मुलं. माझं म्हणणं एवढंच, की तपासणीच्या कागदावरचा "स्वच्छतागृहे किती" हा रकाना खोडा आणि तिथे "आज त्यातली किती वापरता आली" असं लिहा.

जुना खडू
शिक्षक आहे. असहमत.
साबणाच्या वड्या आम्ही ठेवतो. दुपारपर्यंत त्या भांड्यात गेलेल्या असतात, कारण फ्लश ओढल्यावर वडी कुठे जाते हे पाहायचं असतं. कडी तीनदा बसवली, तीनदा पिळून काढली. एकदा पहिलीतला मुलगा आत अडकला, दार तोडावं लागलं. तेव्हा पालकच म्हणाले, कड्या काढून टाका. आता कडी नाही म्हणून हा धागा! शाळेने कशाकशाला पुरं पडायचं? थोडं वळण घरूनही येऊ द्या.

गळकी तोटी
सर, बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी मिळते. दार तोडायची वेळ येत नाही. वड्यांऐवजी साबणाचं पाणी भिंतीत पक्क्या बसवलेल्या डबीत ठेवा, फ्लशमध्ये जाणार नाही.

मी नळकाम करतो, म्हणून वासाबद्दलही सांगतो. लघवीतले क्षार भांड्याला आणि पाइपाला आतून दगडासारखे धरतात. फिनेलने तो थर हलत नाही, वर नुसता वास चढतो. त्याला सौम्य ॲसिडच लागतं. दुसरं कारण मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप. सुट्टीत त्यातलं पाणी आटलं की ड्रेनेजची हवा सरळ वर येते. तांब्याभर पाणी ओतलं की वास बंद. आणि ॲसिड टाकलेल्या जागी ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. सफाई करणाऱ्या बाईंना हे कुणी सांगत नाही. हातमोजेही देत नाहीत.

मधली सुट्टी
तोटीरावांना +१.

चौथा तास
सगळे साबणात अडकलेत. घड्याळ बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत २५ मुलींमागे १ शौचालय सांगितलं आहे. एकीला दोन मिनिटं धरली तर २५ जणींना ५० मिनिटं लागतात. मधली सुट्टी २० मिनिटांची. म्हणजे नियम पाळणाऱ्या शाळेतही १५ जणी रांगेतच राहिल्या. आणि तासाला हात वर केला की ऐकायचं, "आत्ताच तर सुट्टी झाली!"

पानगळ
मुली पाळीत शाळाच बुडवतात, हे एक कारण पुरे आहे. बाकी चर्चा कशाला?

उलटतपासणी
हे वाक्य सगळीकडे ठोकून दिलं जातं, म्हणून लिहितो. ओस्टर आणि थॉर्नटन या अर्थतज्ज्ञांनी नेपाळमध्ये केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे बुडालेले दिवस निघाले सरासरी ०.४. अर्धा दिवससुद्धा नाही. तेव्हा स्वच्छतागृहं जरूर सुधारा, पण हजेरी वाढेल अशी जाहिरात करू नका. उद्या हजेरी नाही वाढली की तेच कारण दाखवून पैसे बंद होतील.

शाईचा डाग
उलटतपासणी, आकडा मान्य. तो एका देशातला, पण बाजूला सारणार नाही. फक्त माझी मुलगीही हजर असते हो. तिची हजेरी शंभर टक्के आहे. ती दिवसभर तहानलेली बसते, ते कुठल्या रकान्यात येतं? मोठ्या मुली येतातच, पण झाकणाचा डबा नाही म्हणून वापरलेला पॅड दप्तरात घालून घरी नेतात.

जुना खडू
तासाला सोडायचं तर एकामागून एक दहा हात वर होतात, हे चौथा तास यांनी एकदा वर्गावर उभं राहून बघावं. जपानमध्ये मुलंच शाळा झाडतात-पुसतात, बऱ्याच शाळांत स्वच्छतागृहही धुतात. तसं केलं तर वड्या फ्लश करणं आपोआप थांबेल.

चौथा तास
वर्ग झाडू देत, हरकत नाही. स्वच्छतागृह धुण्याची पाळी मात्र कागदावर सगळ्यांची आणि प्रत्यक्षात उशिरा आलेल्यांची, "ढ" ठरवलेल्यांची होते. शिक्षा म्हणून धुतलेली जागा कोण जपेल? तुम्ही स्वतः यादीत नाव घालणार असाल तर बोला.

जुना खडू
घालतो. शुक्रवार माझा. नाण्याची कडीही सुचवतो वरती. तासाला सोडण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

शाईचा डाग
आणि त्या आठवड्यात पालकसभा नसताना साबण ठेवून बघा.