गुणांक ५, पण कोणता ५?

कामातल्या प्रत्येक धोक्याला गुण द्यायचे, अपघाताची शक्यता १ ते ५, त्याचा परिणाम किती गंभीर ते १ ते ५, दोन्हींचा गुणाकार १५च्या वर गेला की काम थांबवायचं, ही पद्धत आमच्या प्रेस शॉपमध्येही (यंत्रानं पत्रा दाबून भाग बनवतो तो विभाग) आहे. सोपी आहे, ऑपरेटरलाही पटकन कळते. पण एक घोळ होतो. पत्र्याच्या कडेनं बोट कापणं रोजचंच, म्हणजे ५ गुणिले १. प्रेसखाली हात सापडणं क्वचित, म्हणजे १ गुणिले ५. कागदावर दोन्ही सारखेच! म्हणून परिणाम ४ किंवा ५ असेल, तर गुणाकार काहीही येवो, आम्ही ती नोंद बाजूला काढून आधी तिच्यावरच बोलतो.

दुसरं, हा 'शक्यता १' ठरवतो कोण? आमच्याकडे ऑफिसात बसून ठरला होता, कारण प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं आहेत, म्हणजे दोन्ही हात बटणांवर, प्रेसखाली नाहीत. सेकंड शिफ्टला सहज चक्कर मारली तर एक बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात लाकडी पाचर, वरून चिकटपट्टी. एक हात मोकळा राहिला की नग जास्त निघतात, दुसरं काय! तो १ त्याच रात्री खोडून ४ केला आणि मशीन बंद ठेवलं. तेव्हापासून गुण चालू मशीनपाशी उभं राहून, ऑपरेटरला विचारूनच देतो.

आणि हो, 'उपाय: हातमोजे' लिहून सरसकट गुण उतरवू नका. ड्रिल मशीनवर हातमोजा फिरत्या ड्रिलमध्ये गुंडाळला की हातच आत ओढला जातो.