मदत हवी आहे: वावराच्या मोबदल्याचे 14 लाख, बाबा म्हणतात सोनं घ्या

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. सहा एकरांपैकी सव्वा एकर वावर रस्त्याच्या कामात गेलं आणि मागच्या महिन्यात बाबांच्या खात्यात 14 लाख जमा झाले. एवढी रक्कम आमच्या घरात याआधी कधी आली नव्हती. बाबा 63 वर्षांचे, आई 57. बहिणीचं लग्न दोन-तीन वर्षांत करायचं आहे. दुसरं वावर घ्यावं तर रस्ता आल्यापासून शिवारातले भाव असे चढले की तेवढ्यात अर्धा एकरही येत नाही.

बाबांचं एकच म्हणणं, सोनं. त्यांच्या लहानपणी क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं, असं ते नेहमी सांगतात. मी कागद घेऊन बसलो. नोव्हेंबर 2015 मध्ये सरकारने पहिला सुवर्ण रोखा (सोन्याच्या भावाला बांधलेला सरकारी रोखा) काढला तेव्हा ग्रॅमचा दर 2,684 रुपये होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी 4,100. म्हणजे दहा ग्रॅमला साडेसहा क्विंटल. नोव्हेंबर 2025 मध्ये सोनं सव्वा लाखाच्या आसपास आणि हमीभाव 8,110, म्हणजे पंधरा क्विंटल. हा कागद पाहिल्यावर बाबा गप्प बसले आणि मलाही पुढे बोलता आलं नाही.

तरी सगळं सोन्यात घालायला मन धजत नाही. 2012 च्या शेवटी सोनं 31-32 हजारांवर होतं, आणि तीन वर्षांनी ते 26-27 हजारांवर आलं. पैसा लागेल तेव्हा नेमका असा उतार आला तर?

टीव्हीवर सांगितलं की ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई फक्त 0.25 टक्के होती. ऐकून आईला रडू आलं, खरंच सांगतो. डाळी, भाजीपाला उतरला म्हणून तो आकडा खाली आला. डाळ उतरली म्हणजे आमची तूर उतरली. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ला 5,328 होता, आम्ही त्याच्या हजार रुपये खाली विकलं. वेचणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, भावाच्या कॉलेजची फी, यातलं काही एक रुपयानं कमी झालं नाही. शहरात स्वस्ताई येते तेव्हा आमची आवक घटते आणि खर्च तसाच राहतो. मला राखण हवी ती यापासून.

रोख्यांची चौकशी केली. रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट (बदलत्या व्याजाचे) बचत रोखे सात वर्षांचे आहेत. व्याज 1 जानेवारी आणि 1 जुलैला खात्यात येतं, 2025 मध्ये दर 8.05 टक्के होता. बँकेत मला सांगितलं की महागाई वाढली की व्याज वाढतं. घरी येऊन वाचलं तर दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या (पोस्टातली एनएससी) व्याजाला बांधलेला आहे, त्याच्यापेक्षा 0.35 टक्के जास्त, महागाईला नाही. महागाई निर्देशांकाला बांधलेले रोखे डिसेंबर 2013 मध्ये निघाले होते, त्यांवर महागाईच्या वर दीड टक्का मिळायचा, पण ते आता मिळत नाहीत. सुवर्ण रोखेही फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघाले नाहीत. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना 2025 मध्ये 8.2 टक्के देत होती, आणि पैसे टाकले की पाच वर्षं तोच दर.

माझी खरी अडचण वेगळी आहे. दर जूनमध्ये आईची पोत बँकेत गहाण जाते, त्यावर बी-खत येतं, आणि कापसाचे चुकारे आले की ती सुटते. रिझर्व्ह बँकेचे रोखे गहाण ठेवता येत नाहीत. आणि पतसंस्थेचं नाव घरात काढायचं नाही. आजोबांचे 80 हजार एका पतसंस्थेत बुडाले. पाच लाखांचा ठेव विमा बँकेला असतो, पतसंस्थेला नसतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही.

माझा अंदाज असा: 7 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, 3 लाख रोख्यांत, 3 लाखांचं सोनं, 1 लाख हाताशी. सोनं घ्यायचं तर बिस्कीट की दागिना? मजुरी वाचावी म्हणून मला बिस्कीट बरं वाटतं. कृपया ज्यांनी असं केलं आहे त्यांनी सांगा.

प्रतिसाद (वाशीमहून):

दादा, बिस्कीट घेऊ नका. बँक दागिन्यावर कर्ज देते, बिस्किटावर देत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तुमचं जूनचं काम बिस्किटाने होणार नाही. साध्या पाटल्या किंवा बांगड्या करा, नक्षी नको, खडे नकोत, मजुरी कमी पडते. 3 टक्के जीएसटी कुठेही लागेलच. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) आहे का ते सराफाच्या दुकानातच पाहून घ्या.

उताराची भीती मात्र लग्नापुरती सोडा. बहिणीच्या अंगावर जेवढं घालणार तेवढं सोनं आत्ता घेतलं तर भाव चढो की उतरो, दागिने तेवढेच राहतात. लग्नाचा रोख खर्च रोख्यांत अडकवू नका. बाबा 63 चे, म्हणजे त्यांनाही ते सहा वर्षांआधी मोडता येणार नाहीत. पोस्टातली योजना एक वर्षानंतर मोडली तर दीड टक्का जातो, दोन वर्षांनंतर एक टक्का.

धागाकर्ता:

बिस्किटावर कर्ज मिळत नाही हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणते, पाटल्या कर, यंदा जूनमध्ये पोत माझ्या गळ्यात राहू दे. रोख्यांचे 3 लाख कमी करून लग्नासाठी पोस्टात दोन वर्षांची मुदत ठेव करावी का, एवढं कोणी सांगितलं तर सोमवारी फॉर्म आणायला जातो.