इंग्रजी शब्द तोडून, जोर कुठे द्यायचा ते शाळेत शिकवायला हवं की नको?

परळकर: लेक आठवीत, सेमी इंग्लिशला. काल फोटोग्राफी वाचताना अडखळली. मी टाळ्या वाजवत तोडून दाखवला, फ-टॉ-ग्र-फी, चार टाळ्या, जोर दुसरीवर. मग तीच विचारते, बाबा फोटोग्राफमध्ये तर जोर पहिल्यावर आहे ना? बरोबर, आणि फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर जातो. शाळेत हे कोणी सांगतच नाही, नुसती स्पेलिंगं पाठ. पाचवीपासून शिकवाच असं माझं म्हणणं आहे.

दहिसरची ताई: अजिबात पटलं नाही. पोरांवर आधीच स्पेलिंगचं ओझं, त्यात हे कशाला? आणि बरोबर कुठलं ते ठरवणार कोण? अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमध्ये ब्रिटिश लोक व्हर वर जोर देतात, अमेरिकन टाइज वर. मराठी मीडियमच्या मुलांना उच्चारावरून किती हिणवतात ते मी स्वतः सोसलंय, परत तेच नको.

मालाड नाइट शिफ्ट: ताई, हिणवणं वाईटच, पण जोर म्हणजे अ‍ॅक्सेंट मारणं नव्हे. मी कॉल सेंटरला लागलो तेव्हा डेव्हलप म्हणताना पहिल्यावरच जोर द्यायचो, फोनवरच्या बाईला तीनदा सांगूनही कळेना, शेवटी स्पेलिंग सांगितलं. ट्रेनरने दि-व्हे-लप असं मधे जोर देऊन म्हणून घेतलं तेव्हा कुठे सुटलो. हे शाळेतच कळलं असतं तर!

परळकर: अगदी. मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. इंग्रजीत रेकॉर्ड पहिल्यावर जोर दिला की नाम, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. आणि वृत्तासाठी यमाताराजभानसलगा करत लघु-गुरू मोजतोच की आपण, मग हे जड कसं? शन ने संपणारा शब्द आला की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर, एज्युकेशन, इन्फर्मेशन, एवढ्या एका नियमात शेकडो शब्द येतात.

दहिसरची ताई: आणि टेलिव्हिजन? शेवट तसाच, पण जोर पहिल्यावर. नियम पाठ करून मूल वर्गात चुकलं की पुन्हा हसणारच ना सगळे? ऐकू द्या भरपूर, आपोआप येतं.

परळकर: अपवाद मान्य ताई. पण आमच्या चाळीत इंग्रजी कानावर पडतंच कुठे, आपोआप यायला? म्हणून रोज दहा मिनिटं टाळ्या. आज सायन्सचं पुस्तक काढलंय, फो-टो-सिन्-थ-सिस, पाच टाळ्या, तिसरी जोरात.