‘प्रमाणबद्ध’ प्रतिकृती, बेढब गाडी: शब्द सुचवा

पॉलिशपेपर
मंडळी, एक शब्द हवाय. खरं तर चार-पाच हवेत, पण सुरुवात एकाने करते.

१९६५ सालच्या प्लिमथ ड्रॅग गाडीचं १/२५ मापाचं मॉडेल करतेय. (ड्रॅग म्हणजे सरळ रस्त्यावर, जागेवरून सुटून थोड्या अंतरात पळायची शर्यत.) गणपतीनंतर आमच्या छंदमंडळींचं छोटं प्रदर्शन आहे, तिथे प्रत्येक मॉडेलसमोर मराठीत पाटी लावायची ठरलीय. मी लिहिलं, ‘विंटेज ड्रॅग रेसिंग गाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती’. आईने पाटी वाचली, मॉडेलकडे बघितलं आणि म्हणाली, “प्रमाणबद्ध कुठली गं? मागचं चाक दाराला चिकटलंय. काढून नीट बसव.”

चाक बरोबर बसलंय! प्लिमथच्या मालक कंपनीने, क्रायस्लरने, त्या वर्षी शर्यतीच्या गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला होता. १/२५ मध्ये ते होतात १५.२ आणि १०.२ मिमी. किट साध्या गाडीचं, म्हणून चाकाची कमान बारीक करवतीने कापून पुढे आणली, मागे पडलेल्या भोकात प्लास्टिकची पट्टी लावली, वर लांबी (पुट्टी) भरली आणि तीन रविवार घासत बसले. एवढं करून मापाला पक्की झालेली वस्तू आईला बेढब दिसते, आणि तिचं चुकत नाहीये. मग ‘स्केल मॉडेल’ला म्हणायचं काय?

अर्धविराम
आईंच्या बाजूने माझं मत. ‘प्रमाणबद्ध’ हा मराठीत सौंदर्याचा शेरा आहे. प्रमाणबद्ध बांधा, प्रमाणबद्ध मूर्ती. अवयव एकमेकांना शोभतात एवढंच तो सांगतो, मुळाबरहुकूम आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘प्रमाणित’ तर मुळीच नको, लोक शिक्का शोधतील. ‘हुबेहूब’ चालेल का?

पॉलिशपेपर
हुबेहूब म्हणजे डोळा फसला की झालं. आमच्यात डोळ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) काढतात. दोन चाकांमधलं अंतर ११० इंच धरा. १/२५ ला ते १११.८ मिमी येतं, १/२४ ला ११६.४. दोन मॉडेलं वेगवेगळ्या टेबलांवर ठेवली तर दोन्ही हुबेहूब. पण १/२४ किटमधलं इंजिन १/२५ च्या गाडीत घालून बघा, बॉनेट बसत नाही. (हे मला कसं कळलं ते विचारू नका.)

उभा छेद
पोरी, शब्द वरच पडलाय, अर्धविराम सहज लिहून गेले. आमची हयात नकाशे काढण्यात गेली. कंत्राटदाराला लिहायचो, ‘काम नकाशाबरहुकूम करावे’. बरहुकूम म्हणजे हुकमाप्रमाणे. खिडकी तिथे शोभत नसली तरी नकाशात आहे तिथेच. ‘मापाबरहुकूम प्रतिकृती’ लिही. चाक दाराला चिकटलेलं असलं तरी हा शब्द खोटा पडत नाही.

अर्धविराम
जरा कारकुनी आहे, पण बिनचूक. ‘लघुप्रतिकृती’पेक्षा शंभर पटीने बरा, त्यात फक्त लहानपणा कळतो. अचूक, तंतोतंत हे शब्द वर्णनात येऊ देत. आणि ‘विंटेज’ राहू दे. ‘पुरातन’ म्हटलं की हेमाडपंती देऊळ डोळ्यांसमोर येतं. आपल्या मोटार वाहन नियमांतही २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेजच म्हणतात.

पॉलिशपेपर
मापाबरहुकूम! घेतला. आता पुढचे. माझ्या शेजारी मित्राची दोन मॉडेलं आहेत, एक गॅसर आणि एक स्लिंगशॉट ड्रॅगस्टर, दोन्ही ड्रॅग गाड्यांचेच प्रकार. त्याने भाषांतर यंत्रातून काढलेल्या पाट्या: ‘गॅसवाली गाडी’, ‘गोफण गाडी’. माझ्या प्लिमथसारख्या गाड्यांपासून जो वर्ग तयार झाला त्या ‘फनी कार’ला ‘विनोदी गाडी’. हसू नका.

उभा छेद
गॅसवाली म्हणजे आमच्या रिक्षा!

पॉलिशपेपर
तेच ना. गॅसर म्हणजे अमेरिकन अर्थाने गॅसोलीनवर, म्हणजे पेट्रोलवर पळणारी. नायट्रोमिथेनसारखं भारी इंधन न वापरणारी, म्हणून ते नाव.

अर्धविराम
‘गोफण’ साफ चूक. गोफण डोक्याभोवती गरगरा फिरवतात. अमेरिकेतली स्लिंगशॉट म्हणजे आपली बेचकी: दोन फाटे, रबर, मागे चामड्याच्या तुकड्यात खडा. चालक नेमका कुठे बसतो तेवढं सांगा, शब्द जुळतो का बघू.

पॉलिशपेपर
मागच्या चाकांच्याही मागे! इंजिन त्याच्या पुढ्यात, गिअरबॉक्स जवळपास त्याच्या पायांमध्ये. बेचकी ताणल्यावर खडा असतो तसाच. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या ड्रॅग शर्यतपटूच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बनवली, १९७१ मध्ये तीच जिंकायला लागली, आणि काही वर्षांत बेचकीचा जमाना संपला. त्याच्या गाड्यांचं नाव ‘स्वॅम्प रॅट’. ते विशेषनाम, त्याचा उंदीर करणार नाही.

अर्धविराम
मग पाटीवर ‘स्लिंगशॉट’ आणि खाली ‘बेचकीतल्या खड्यासारखा चालक मागे’. फनी कारला मात्र हात लावू नका. इथे फनी म्हणजे हसवणारी नव्हे. आपल्या आज्या ‘चमत्कारिक माणूस आहे हो’ म्हणायच्या, त्यातलं चमत्कारिक. पण ‘चमत्कारिक गाडी’ लिहिलंत तर लोक नारळ फोडतील.

जोखड
मधेच बोलतो. चाकं पुढं का सरकवली हे कुणी सांगितलंच नाही.

पॉलिशपेपर
दादा, वजन मागच्या टायरवर यावं म्हणून. सुटताना पकड मिळते, टायर जागच्या जागी फिरत नाहीत. चाकं पुढे गेली की गाडीचं धूड आपोआप मागे राहतं.

जोखड
मग त्याला शब्द हाय की. बैलगाडीत वझं मागं जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांचे गळे आवळतात. त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. पुढं जास्त झालं तर धुरजड, मग सगळा भार बैलांच्या मानेवर. उलाळ गाडी दिसली की आमचा बाप पोती पुढं ओढायला लावायचा. तुमच्या अमेरिकनांनी तोच दोष पैसे घालून करून घेतला. फोटोत पुढची चाकं हवेत असतात ती उलाळच.

उभा छेद
वा! हा शब्द ऐकून चाळीस वर्षं झाली असतील.

जोखड
आणि बैलगाडा शर्यतीत एकदा पळण्याला आमच्या जुन्नरकडं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, ‘बारी’ म्हणतात. तिथंही सगळा खेळ सेकंदांचा. तुमचा घाट केवढा?

पॉलिशपेपर
पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, सरळसोट. १/२५ मध्ये १६ मीटर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा. ‘बारी’ तोंडी सांगताना वापरीन, पाटीवर जागा नाही. शेवटचा मजकूर असा:

‘प्लिमथ, १९६५. ड्रॅग शर्यतीची गाडी. १/२५ मापाबरहुकूम प्रतिकृती. पकड वाढावी म्हणून दोन्ही अ‍ॅक्सल पुढे सरकवून गाडी मुद्दाम उलाळ केली आहे.’

आईला वाचून दाखवलं. ती पुन्हा मागच्या चाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “असं होय. मग पुढच्या बाजूला टेकू दे काहीतरी, टेबलावर उलटायची.”