सायकलचा नको, गाडीचा व्हॉल्व्ह घ्या

मुलाच्या वॉटर रॉकेटच्या (बाटलीत पाणी आणि दाबाने हवा भरून उडवतात ते) लाँचरला हवा भरायला जुन्या सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल, पण वैताग येईल. आपल्या साध्या सायकलचा तो डनलॉप प्रकारचा व्हॉल्व्ह. आतली रबरी नळी कडक झाली की हवा सुटलीच. त्यापेक्षा स्कूटर-कारला असतो तो श्रेडर व्हॉल्व्ह घ्या. आत स्प्रिंगची पिन, हवा आत जाते, परत येत नाही. पिन खराब झाली तर तेवढीच बदलायची.

मात्र ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह नको. तो साधारण ६५ पीएसआय दाबापर्यंतचाच असतो. आटे असलेला पितळी आणा, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. जाताना लाँचरचं फिटिंग, ज्यात व्हॉल्व्ह बसवायचाय ते, खिशात ठेवा! आट्यांची मापं दोन, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी: पाव इंच बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. एकाचं दुसऱ्यात घातलं की दोन वेढे बसतात, मग अडकतं. मी टेफलॉन टेप गुंडाळून दामटलं होतं. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे काही थांबेनात.

आणि लाँचरची हवेची टाकी पीव्हीसी पाइपची करू नका. पाण्यासाठी ठीक, दाबाखालच्या हवेने फुटला तर तुकडे सुरीसारखे उडतात.